कौसाबाईचे हात काहून जळत नाहीत?

नागपुरातल्या एका महाविद्यालयात बावीस वर्षं मी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासले. त्या सगळ्या अर्जांत प्रश्नचिन्ह असलेलं शीर्षक एकच आलं: 'कौसाबाईचे हात काहून जळत नाहीत?' समितीतल्या एका सरांनी त्यावर लाल पेनाने अशी फुली मारली की ती खालच्या कागदावरही उमटली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात. मी त्यासोबत या पानाची झेरॉक्स आणली. मूळ पान फाइललाच ठेवलं, कार्यालयात जन्म काढलेल्या बाईला एवढी शिस्त असतेच.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना सांगायची, "ही कॉलेजात स्कॉलरशिप वाटते." वाटत मी काहीच नव्हते. कॉलेजातली चार-पाच मुलं एक गट करतात, गावातला किंवा वस्तीतला एखादा महिला बचत गट, एखादी शाळा, एखादं मंडळ जोडीला घेतात आणि दोघं मिळून एक काम करायचं ठरवतात. त्या कामाला छोटंसं अनुदान मिळतं. ते मिळवायला अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज दारातून बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावर येई. रिकामा रकाना, चुकलेली तारीख, नसलेला शिक्का हे मला लांबून दिसायचं. मुलं मला पाठीमागे 'स्कॅनर' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

अर्जात तीन गोष्टी महत्त्वाच्या. गावाची अडचण काय, तुम्ही करणार काय, आणि गावाचं संमतीपत्र. पहिल्या दोन मुलं एका दुपारीत लिहून टाकत. घोडं अडायचं ते तिसऱ्यावर. पत्र गावाने लिहायचं, त्यावर अध्यक्षांची सही हवी, शिक्का हवा. गावातल्या लोकांना असलं पत्र कसं लिहायचं ते माहीत नसतं, असं आम्ही गृहीत धरलेलं. म्हणून फार वर्षांपूर्वी एका दुपारी मी एक नमुना तयार केला. गावाचं नाव आणि विषय यांच्या जागा रिकाम्या, बाकी मजकूर तयार. मुलांनी जागा भरायच्या, अध्यक्षांनी सही करायची. पत्रं वेळेवर यायला लागली. प्राचार्यांनी माझं कौतुक केलं, आणि मी त्या कौतुकावर पुढची कित्येक वर्षं काढली.

नमुन्याची सवय मोठी वाईट. मुलं आली की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मॅडम, मागच्या वर्षीचा अर्ज दाखवा ना." एकदा कुही तालुक्यातल्या धानाच्या गावाचा एक अर्ज आला. विषय गावतलावातल्या गाळाचा. दोन पानं गाळ नीट चालला होता, आणि तिसऱ्या पानावर अचानक वाक्य आलं, 'कोळशाच्या धुळीमुळे येथील नागरिक त्रस्त आहेत.' मी मुलांना बोलावून विचारलं, "तलावात कोळसा कुठून आला?" तिघं एकमेकांकडे पाहू लागले. चौथा हुशार होता. तो म्हणाला, "मॅडम, हवेनं आला असन." मागच्या वर्षीचा अर्ज सावनेरच्या कोळसा खाणीजवळचा होता, हे मग सगळ्यांनाच आठवलं. मी खूप हसले आणि त्यांना पान बदलायला लावलं. माझा स्वतःचा नमुना मात्र तसाच राहिला, तो बदलायला मला कोणी लावलं नाही.

नाही म्हणायला एका माणसाने टोकलं होतं. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामातले मुनशी, साठीचे, डोक्याला मफलर. तीन वर्षं लागोपाठ आमची मुलं त्यांच्याकडे ट्रकचालकांची पाहणी करायला जात होती. चौथ्या वर्षी संमतीपत्र घेऊन मुनशी स्वतःच कार्यालयात आले. पत्र टेबलावर ठेवलं, पण बोट त्यावरून उचललं नाही.

"मॅडम, सही करून देली आहे. पण एक गोष्ट सांगा. तुमचे पोरं येतेत, ड्रायवरायले इचारतेत, दारू किती पेता, झोपता किती. सारं लिहून नेतेत. मंग त्याचं होते काय?"

"अहवाल होतो," मी म्हणाले.

"थो कोण वाचते?"

खरं उत्तर 'मी' असं होतं, आणि मीही फक्त शिक्के पाहायची.

"आमचे ड्रायवर मले इचारतेत," मुनशी म्हणाले, "का मुनशीजी, आमची झोप कमी निंगाली का जास्त? म्या काय सांगू? एकांदा तरी परत येऊन सांगत जा म्हणा." बोट उचलून ते निघून गेले. मी पत्रावर आवक क्रमांक टाकला. त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यात कुठेतरी अडकून बसलं होतं, पण अडकून बसण्यापलीकडे त्याने काही केलं नाही.

मग मोनाली आली.

मोनाली मेश्राम, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्र. कुही तालुक्यातल्या एका गावची, नागपुरात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं. तिच्या गटाचा विषय मिरचीच्या सातऱ्याचा होता. ज्यांनी सातरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लाल मिरची व्यापाऱ्याच्या मोठ्या अंगणात पसरतात आणि बायका ओळीने बसून एकेका मिरचीचा देठ नखाने तोडतात. देठाला इथे मुका म्हणतात, आणि त्या जागेला सातरा. दिवसभर मुके तोडले की हात पेटतात. त्या हातांनी रात्री पोराला जवळ घेता येत नाही, स्वतःचा डोळा चोळता येत नाही. मोनालीच्या अर्जात लिहिलं होतं: महिलांमध्ये जनजागृती करणे व हातमोजे वाटप. अर्ज स्वच्छ होता, एक रकाना रिकामा नव्हता. मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले.

फक्त गावातल्या बचत गटाचं संमतीपत्र येईना. मुदतीला चार दिवस उरले, मग तीन. मी विचारलं की मोनाली म्हणे, "येते मॅडम, उद्या." तिसऱ्या दिवशी ती टेबलासमोर नुसती उभी राहिली.

"अध्यक्ष सही नाही करून राहिल्या मॅडम."

"का?"

"नाही म्हणतेत."

इतक्या वर्षांत सही विसरली होती, अंगठा पुसट उमटला होता, एका सरपंचांनी चुकून लग्नपत्रिकेवरच सही करून पाठवली होती. पण 'नाही म्हणतेत' हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मोनालीचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता. माझी मात्र उत्सुकता चाळवली, हे प्रामाणिकपणे सांगते. ही नाही म्हणणारी बाई आहे तरी कोण? मी रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोनालीबरोबर कुहीच्या एसटीत बसले. आतापर्यंत शेकडो अर्ज पाठवले, पण त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं. खिडकीतून धानाच्या कापलेल्या बांध्या दिसत होत्या. गाव न पाहिल्याचं माझ्या ध्यानात आलं आणि मी उगाच पर्समधले कागद नीट करत बसले.

सातऱ्याच्या फाटकातच मला शिंका सुरू झाल्या. आत लाल ढीग, आणि ढिगांच्या कडेने पंधरा बायका. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकाला फडकं, बोटं सारखी चालू. माझ्या अकराव्या शिंकेला त्या सगळ्या हसायला लागल्या. एक उंच बाई उठून आली, फडकं खाली केलं आणि मोनालीकडे पाहिलं.

"आणलं का तुह्या मॅडमले?"

"हो आई," मोनाली म्हणाली.

मी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. अर्जात त्या जागी नुसतं 'अध्यक्ष' लिहिलेलं होतं, नाव सहीखाली यायचं होतं. सही न करणारी अध्यक्ष म्हणजे मोनालीची आई, विमलबाई.

"जय भीम मॅडम, बसा," विमलबाई म्हणाल्या. मला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझं नमुना पत्र. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, न अडखळता.

"'आमच्या गटातील महिला अशिक्षित व अज्ञानी असून त्यांच्यामध्ये आरोग्यविषयक जागृतीचा अभाव आहे. करिता विद्यार्थ्यांनी आम्हांस मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.'" कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी बारावी झाली आहे मॅडम. थे कमला दहावी. हात जळते हे आमाले माहीत नाही का? माह्याच पोरीनं मले अज्ञानी लिवलं, अन् मी त्याच्यावर सही करू? काहून?"

मुके तोडणं थांबलं होतं. मोनाली जमिनीकडे पाहत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ती काही बोलणार नाही हे माझ्या लक्षात आलं. कॉलेजच्या मॅडमचं नाव सांगायचं नाही, एवढी रीत तिला होती. मला वाटतं, त्या क्षणी मीही गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. पण इतक्या मिरच्यांसमोर खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"हे तिने नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं तेव्हा. सगळ्या गावांना हेच पाठवते."

विमलबाईंनी मुलीकडे पाहिलं. "मंग तू काहून नाही म्हणली, का आई अशी नाही म्हणून?"

मोनाली म्हणाली, "अर्ज असाच लिवा लागते ना, आई."

हे वाक्य मला लागलं. ती आईला कमी लेखत नव्हती, तिला लाजही वाटत नव्हती. अर्जाची भाषा अशीच असते, हे ती चांगल्या विद्यार्थिनीसारखं शिकली होती. आणि शिकवलं होतं मी.

मी पर्समधून कोरा कागद काढला. "विमलबाई, तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

मग तासभर पंधरा बायका एकदम बोलत होत्या. हातमोजे नकोत, मोजा घालून मुका तुटत नाही. मागे कोणीतरी वाटले होते ते शेतातल्या बुजगावण्याला घातले. जळजळीवर एक म्हणे ताक, दुसरी म्हणे तेल, तिसरी म्हणे राख, चौथी म्हणे ओला चिखल. मी नको तेव्हा उत्साह दाखवत एक मुका तोडून पाहिला आणि लगेच डोळ्याला हात लावला. पुढची दहा मिनिटं हे चारही उपाय माझ्यावर करायला त्या धावल्या. विमलबाईंनी ताकाची वाटी पुढे केली तर कमला म्हणे, "ताकानं नाही होत, मॅडमले तेलच लावा." दोघींत जुंपली. मी एका डोळ्याने रडत होते आणि दुसऱ्याने पाहत होते, हे भांडण किती जुनं आणि किती खरं आहे.

"आणखी एक गोष्ट लिवा," विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. तिथे साठीची एक किडकिडीत बाई एकटीच मुके तोडत होती. झरझर, सगळ्यांच्या दुप्पट वेगाने, चेहऱ्यावर हसू. ही कौसाबाई. चाळीस वर्षं याच कामात. मागच्या हंगामापर्यंत इतरांसारखीच बोटांवर फुंकर घालत बसायची. यंदा सातरा सुरू झाला तसे तिचे हात जळायचे थांबले. अजिबात जळत नव्हते.

"काहीतरी औषध लावते, सांगत नाही," कमला म्हणाली. "महिना झाला, मी बोलत नाही तिच्यासंग."

"देवीले नवस केला असन," दुसरी म्हणाली.

कौसाबाईने तिथूनच ऐकलं. "मी काई लावत नाही वं बायांनो! देवानं देलं, मी काय करू?" आणि पुन्हा हसली.

चहा आला, स्टीलच्या ग्लासातून, वाफा निघणारा. मला पदर लावूनही ग्लास धरवेना. कौसाबाईने तो उघड्या तळहातावर ठेवला आणि सावकाश प्यायली. तिच्या तर्जनीवर एक जुना डाग होता. मी विचारलं तर म्हणाली, "तवा लागला असन कधीतरी." मी मनात म्हटलं, काय हाताची बाई आहे ही. मला तिचं कौतुक वाटलं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

पत्र तयार झालं ते असं:

'आमी सातऱ्यावर मुके तोडणाऱ्या पंधरा बाया. हात जळते हे आमाले माहीत आहे. हातमोजे नोको. ताक, तेल, राख, चिखल सारं लावून पाह्यलं, खरं कशानं थांबते यावर रोज भांडण होते. थे पोरायनं शोधून सांगावं. अन् कौसाबाईचे हात यंदा काहून जळत नाहीत, थेही सांगावं. बदल्यात आमी पोरायले मुके तोडाले शिकवू अन् जे इचारतीन थे खरं सांगू. उत्तर घेऊन परत यावं.'

शेवटची ओळ विमलबाईंनी सांगितली आणि मला वाडीचे मुनशी आठवले. मी विचारलं, "हे शुद्ध करून लिहू का?"

"काहून? तुमाले समजून नाही राहिलं का?"

समजत होतं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि बाकीच्या तेरा जणींनीही सह्या केल्या. कौसाबाईने अंगठा दिला.

मोनालीने अर्ज पुन्हा लिहिला. 'जनजागृती' गेली, 'वाटप' गेलं. शीर्षक तिने आईच्या पत्रातूनच घेतलं. मुदतीच्या दिवशी दुपारी आम्ही तो पोर्टलवर चढवला, आणि पंधरा दिवसांनी तो समितीपुढे आला. समितीत मी इतिवृत्त लिहायला बसत असे. बोलणं माझं काम नव्हतं. लाल पेनवाल्या सरांनी फुली मारली आणि म्हणाले, "एका बाईच्या हातासाठी अनुदान? लाभार्थी किती? हा काय विषय झाला?"

मी पेन खाली ठेवलं. "सर, या पत्रावर पंधरा जणींच्या सह्या आहेत. आजवर आपल्याकडे आलेल्या पत्रांत हे पहिलंच आहे जे गावाने लिहिलं. बाकीची सगळी मी लिहिलेली आहेत."

सर हसले, पण ते चिडले नव्हते असं म्हणता येणार नाही. शेवटी शीर्षक बदलायच्या अटीवर अर्ज मंजूर झाला. फाइलवर आजही नाव आहे, 'मिरची प्रक्रियेतील महिला कामगारांच्या त्वचेवरील परिणामांचा अभ्यास'. आम्ही आपसात कौसाबाईचाच प्रोजेक्ट म्हणायचो.

मोनालीच्या गटातल्या मुली आधी दोन दिवस मुके तोडायला बसल्या, पत्रात ठरलं होतं म्हणून. मग कामाला लागल्या. बायकांपैकी एकीने तेल लावायचं, एकीने ताक, एकीने नुसतं पाणी, आणि दर तासाला कोणाचं किती जळतं ते टिपायचं. आठवडा असा गेला. पुढच्या आठवड्यात मोनालीने दोन वाट्या आणल्या, एकीत गार पाणी, दुसरीत कोमट. प्रत्येकीने डोळे मिटून बोट बुडवायचं आणि कोणतं कोमट ते सांगायचं. चौदा जणींनी बरोबर सांगितलं.

त्या दुपारी माझा फोन वाजला.

"मॅडम, कौसा आजीले गरम-ठंडं समजून नाही राहिलं," मोनाली म्हणाली. "मले वाटलं, मस्करी करून राहिली. म्या वाट्या बदलवून पाह्यलं. मंग बोटाले सुईचं टोक लावलं, डोळे मिटून. आजी म्हणते, लाव ना वं, कधी लावतेस?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तो चहाचा ग्लास माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि तर्जनीवरचा डाग. मी पाहिलं होतं. पाहून कौतुक केलं होतं.

"दवाखान्यात ने तिला," मी म्हणाले.

"आई घेऊन गेली मॅडम. मघाशीच."

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी हात पाहिला, कोपराजवळची शीर चाचपली, पाठीवरचा फिका चट्टा दाखवून विचारलं, हा कधीपासून? कुष्ठरोगाची सुरुवात होती. औषध फुकट मिळतं, नियमाने घेतलं तर बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागायची भीती नाही. एवढं सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. गेलेली जाणीव परत येईल का, यावर मात्र ते म्हणाले, "लवकर आणलंत. पाहू."

बातमी सातऱ्यावर आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी कौसाबाई फाटकाबाहेरच उभी राहिली, आत येईना. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. विमलबाई उठल्या, तिला हात धरून आत आणलं आणि आपल्याच पोत्यावर शेजारी बसवलं. हे मला मोनालीने सांगितलं. थोड्या वेळाने कमला, महिनाभर न बोललेली कमला, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. म्हणाली, "आजी, मी तुह्यावर उगाच जळत होती वं." त्यानंतर सगळ्या एकदम बोलायला लागल्या, असं मोनाली म्हणाली.

अहवाल आधी सातऱ्यावर वाचला गेला, मग माझ्या टेबलावर आला. अट मीच घातली होती, मुनशींची आठवण ठेवून. तेलाने जळजळ कमी होते हे सिद्ध झालं. आधी तेल लावायचं, काम झाल्यावर पुन्हा तेलाने पुसून मग साबण. तिखट पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतं, हे मोनालीने वाटीत करून दाखवलं. ताक हरलं. विमलबाईंनी ते मान्य केलं, पण त्यांचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं म्हणे.

अंतिम अहवाल सादर करायला आम्ही पुढच्या हंगामापर्यंत मुदत वाढवून घेतली होती. मोनाली तोवर एम.एस्सी.ला लागली होती, तरी दर रविवारी गावी जायची. शेवटच्या पानावर 'प्रकल्पाचे फलित' असा रकाना असतो. तिसऱ्या क्रमांकावर तिने एवढंच लिहिलं होतं, 'कौसाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा जळू लागली.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग शिक्का मारून अहवाल पाठवून दिला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तो परत आला. सोबत अनुदान देणाऱ्या वरच्या कार्यालयाचं पत्र: 'फलित क्रमांक तीनवरून लाभार्थीच्या त्रासात वाढ झाल्याचे दिसते. प्रकल्पाचा प्रतिकूल परिणाम झाला काय, याबाबत खुलासा करावा.'

पूर्वीची मी असते तर अर्ध्या तासात खुलासा लिहिला असता, त्याचाही नमुना माझ्याकडे होता. मी विमलबाईंना फोन लावला. त्यांनी तो सातऱ्यावरच कौसाबाईच्या कानाला लावला. मागे मुके तुटण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी शिंकत होतं.

"आजी, सरकार विचारतंय, तुमचा त्रास वाढला का?"

"वाढला ना बापा!" कौसाबाई ओरडली, फोनवर ओरडावंच लागतं अशी तिची समजूत होती. "चाळीस साल या मिरचीले शिव्या देल्या. आता दोन बोटं जळून राहिले तं चांगलं वाटून राहिलं. या हाताचे बाकीचे तीन कधी जळतीन, थे इचारा त्यायले. आता मी तवा फडक्यानं उचलते, लिवा."

मी लिहिलं, जसंच्या तसं, एक शब्द शुद्ध न करता. खाली सही केली, जावक क्रमांक टाकला. नंतर वरच्या कार्यालयातून कसलीच विचारणा झाली नाही. त्या फाइलमधला शेवटचा कागद तोच आहे.

बाकीच्या तीन बोटांचं मी दर हंगामात विचारते. यंदा मधलं बोट जळायला लागलं आहे.